परस्परक्रिया करणाऱ्या दीर्घिका: नववीला चित्रांवरून कशा शिकवाव्यात?

नववी_विज्ञान
35 मिनिटांचे दोन तास आहेत. एनजीसी 4676 (‘उंदीर’: लांब शेपट्या निघालेली, धडकणाऱ्या दीर्घिकांची जोडी) आणि स्टीफनचं पंचक (आकाशात एकत्र दिसणाऱ्या पाच दीर्घिका) यांची चित्रं गटांना छापून द्यायची आहेत. शाळेच्या प्रिंटरवर अंधूक शेपट्या काळ्या आकाशात बुडून जातात. शिवाय ‘शेजारी दिसतात म्हणजे धडकतायत’ यापुढे मुलांना कसं न्यायचं?

दुर्बीणवाला
चित्र उलटं करून छापा: पांढऱ्या आकाशावर काळ्या दीर्घिका. शेपट्या उठून दिसतात, टोनरही वाचतो. चित्र अलादिन लाइट या आकाशाची चित्रं दाखवणाऱ्या साधनावरून घ्या, ते ब्राउझरमध्येच चालतं. दृश्यक्षेत्राची रुंदी 5 आर्कमिनिट (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचा साठावा) ठेवा आणि कागदावर ती बरोबर 20 सेंमी येऊ द्या (‘फिट टू पेज’ बंद, नाहीतर प्रमाण बिघडतं). म्हणजे 1 सेंमीला 15 आर्कसेकंद. उंदीर साधारण 30 कोटी प्रकाशवर्षं दूर, म्हणून 1 सेंमी म्हणजे सुमारे 22,000 प्रकाशवर्षं. शेपटी पट्टीने मोजून आकाशगंगेच्या सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं व्यासाशी ताडून पाहायला सांगा. ही किमान लांबी समजायची. कारण उत्तरेकडची शेपटी खरं तर वक्र आहे, कडेने दिसते म्हणून सरळ वाटते.

नववी_विज्ञान
ओढणारी दीर्घिका एकीकडे, मग शेपटी उलट बाजूला का निघते?

दुर्बीणवाला
भरती पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना येते, त्याच कारणाने. जवळच्या कडेला ओढ जास्त, मध्याला कमी, पलीकडच्या कडेला सर्वांत कमी. त्यामुळे दीर्घिकेची चपटी तबकडी दोन्हीकडे ताणली जाते, आणि ती फिरत असल्याने ताणलेले तारे वळत जाऊन लांब शेपटी होते. टूमरे बंधूंनी 1972 मध्ये संगणकावर हेच दाखवलं.

वर्णपट
पंचक दुसऱ्या तासाला ठेवा. आधी कोण कोणाशी भिडलंय ते चित्रावरून लिहून घ्या, वेगांचा तक्ता नंतरच द्या. एनजीसी 7320 सेकंदाला सुमारे 800 किमी वेगाने दूर जाते, बाकीच्या चार 5,700 ते 6,700 किमीने. दूर जाण्याचा वेग जास्त, तितकं अंतर जास्त; म्हणजे एनजीसी 7320 जेमतेम 4 कोटी प्रकाशवर्षांवर आहे, त्या चौघी 29 कोटींच्या आसपास.

हुशार मूल विचारेल: त्या चौघींतल्या एनजीसी 7318बीचा वेग बाकीच्या तिघींपेक्षा सेकंदाला सुमारे 900 किमीने कमी आहे, मग तीही वेगळी का नाही? हा प्रश्न आला तर तास सार्थकी लागला. तो फरक अंतराचा नाही, ती समूहात आपल्या दिशेने घुसते आहे. त्या धक्क्याने तापलेल्या वायूचा पट्टा क्ष-किरणांत दिसतो. म्हणून नुसत्या वेगावरही निकाल देऊ देऊ नका, आकारातली मोडतोड आणि वेग दोन्ही मागा.