धुण्याच्या सिंकवर पांढरा थर, पाणी तुंबतं, वास येतो (बोअरिंगचं पाणी, इंदूर)

रामबागकर: वॉश एरियात स्टीलचं सिंक आहे, मशीनचा ड्रेन होज त्यातच सोडलाय. नर्मदेचं पाणी प्यायला-स्वयंपाकाला जातं, धुणं सगळं बोअरिंगवर. सिंकच्या तळाला खरखरीत पांढरा थर, त्यावर राखाडी चिकटा. मशीन पाणी सोडायला लागलं की सिंक काठापर्यंत भरतं. कामवाल्या मावशी म्हणतात, टॉयलेट क्लीनर ओता. ओतू का?

टाटरीवाली_काकू: नको हो दादा! त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांतच गंज धरतो. सियागंजात किराण्याकडे टाटरी मागा, पण सायट्रिक अ‍ॅसिडच आहे ना ते विचारून घ्या. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, जुनं सुती फडकं त्यात भिजवून थरावर अंथरा. अर्ध्या तासाने नायलॉनच्या घासणीने घासा. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा करा, एकदम तीव्र द्रावण करू नका. तारेची घासणी तर लांबच ठेवा, तिचे लोखंडी कण चिकटून राहतात आणि दोन दिवसांत तांबडे ठिपके दिसतात.

टाटरीनंतर सिंक तेलकट लागेल. साबण आणि पाण्यातला चुना मिळून तो चिकटा होतो. आंबटाने चुना सुटतो, साबणातली चरबी मात्र मागे राहते. म्हणून लगेच चमचाभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून घासा. शेवटचा हात नर्मदेच्या पाण्याचा, आणि कोरडं पुसा. बोअरिंगचे थेंब वाळले की पुन्हा पांढरे डाग.

नळजोड: वरचं झालं, पण तुंबणं त्याने जाणार नाही. सिंकखाली वाकून बघा. सुरकुत्यांचा फोल्डिंग पाईप सरळ मोरीच्या जाळीत सोडलाय का? त्या वळ्यांमध्ये कपड्यांचा भुसा अडकतो, त्यावर धुण्याच्या साबणाच्या वडीतला चुनखडीचा गाळ बसतो. असा पाईप काढून झटकला तर ओल्या नमद्यासारखी गुंडाळी निघते. तो धूत बसू नका, बदला. आतून गुळगुळीत पीव्हीसी पाईप आणि बॉटल ट्रॅप (तळाशी थोडं पाणी धरून गटाराची हवा अडवणारा बाटलीसारखा भाग) बसवा.

ट्रॅप आधीच असेल तर खाली बादली ठेवून तळाची वाटी हाताने फिरवून काढा. गाळ जुन्या टूथब्रशने काढा, रबरी वायसर चिरलेला असेल तर नवा टाका. परत लावताना पान्याने आवळू नका, प्लास्टिकचे आटे जातात. हाताने घट्ट करा, सिंक भरून एकदम सोडा आणि जोडाला कोरडा कागद लावून बघा.

होजच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा, पण पिशवीसारखा लोंबता. ताणून बांधला तर भुशाने बंद होतो आणि पंपावर जोर येतो. दोन-तीन धुण्यांनी रिकामा करा. होजचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, घाण पाणी परत ओढलं जातं.

रामबागकर: फोल्डिंग पाईपच निघाला. तो बदलेपर्यंत ड्रेन पावडर टाकली तर? नाहीतर खायचा सोडा आणि व्हिनेगर?

नळजोड: पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. पाणी पुढे सरकत नसेल तर ती आत दगडासारखी थिजते, आणि नंतर पाईप उघडणाऱ्याच्या हातावर येते. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी मऊ पडतो. हाताला सोसेल इतकंच गरम घाला. सोडा-व्हिनेगरचा फेस दिसतो छान, पण दोन्ही एकमेकांना मारतात, भुसा जागच्या जागी.

टाटरीवाली_काकू: आणि टाटरी लावलेल्या दिवशी ब्लीचची बाटली उघडूच नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद वॉश एरियात जीव घुसमटेल. नळाच्या तोंडाची जाळी तेवढी फिरवून काढा नि त्याच द्रावणात टाका, धार बारीक झाली असेल तर तीही मोकळी होईल.

नळजोड: ट्रॅप बसवल्यावरही मे महिन्यात वास आला तर घाबरू नका. गावाला गेलात की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराची हवा वर येते. आल्या आल्या दोन तांबे पाणी ओता.