ग्रीसची क्रूझ, बंद बँका आणि पाच-पाचच्या नोटा

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
दिनांक: सोमवार, २९ जून २०१५
विषय: रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय, पैसे कसे न्यावेत?

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळींना नमस्कार.

आम्ही चौघं, म्हणजे हे, मी, सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा, ५ जुलैला व्हेनिसहून क्रूझवर निघतोय. कॉर्फू, सँटोरिनी, पिरेअस म्हणजे अथेन्सचं बंदर, मग ऑलिंपियासाठी काताकोलो, आणि १२ तारखेला परत व्हेनिस. पैसे जानेवारीतच भरून झालेत.

आज सकाळी उठते तो बातमी: कर्जाच्या संकटामुळे ग्रीसमधल्या सगळ्या बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळणार, आणि आम्ही निघतो त्याच दिवशी तिथे कर्ज देणाऱ्यांच्या अटी मानायच्या का यावर सार्वमत. सासूबाई शाळेत इतिहास शिकवायच्या. ॲक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची ती प्राचीन देवळांची टेकडी, मुलांना पुस्तकातल्या चित्रात दाखवता दाखवता त्या निवृत्त झाल्या. रद्द करा असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना परक्या गावात पैशांवाचून अडकलो तर?

रोख किती न्यावी? कार्ड चालेल का? रस्त्यावर कितपत सुरक्षित आहे? आणि ग्रीस युरोतून बाहेर पडलाच तर आमच्या हातातल्या युरोंचं काय होणार? कुणी जाणकार असेल तर लिहा.

— ताई

---

प्रेषक: खजिनदार
दिनांक: सोमवार, २९ जून २०१५
विषय: उत्तर – रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय

ताई, घाबरू नका.

६० युरोंची मर्यादा ग्रीक बँकांच्या कार्डांना आहे. परदेशी बँकेचं कार्ड असेल तर ती लागू नाही. तुमच्या कार्डाची स्वतःची जी रोजची मर्यादा आहे, तेवढे पैसे काढता येतील. शिवाय क्रूझवर सगळा खर्च जहाजाच्या खात्यावर पडतो आणि शेवटी कार्डावर जातो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: युरो हे एका देशाचं चलन नाही. नोट ग्रीसमध्ये छापलेली असो की जर्मनीत, तिची किंमत तीच. नंबरात ‘वाय’ असलेल्या ग्रीक नोटा घेऊ नका असं सध्या फिरतंय, त्यात काही तथ्य नाही. उद्या तिथे दुसरं चलन आलं तरी तुमच्या पाकिटातला युरो व्हेनिसमध्ये युरोच राहील.

माझं मत असं की भरमसाट रोकड घेऊन फिरणं हाच मोठा धोका. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या, दोन्ही बँकांना आधी कळवा, आणि रोख दीड-दोनशे युरो पुरे.

— खजिनदार

---

प्रेषक: नाना
दिनांक: मंगळवार, ३० जून २०१५
विषय: उत्तर – रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय

ताई, खजिनदारसाहेब, दोघांना नमस्कार.

प्रवासी जहाजांवर पर्सरच्या, म्हणजे जहाजाचे पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. पैशांच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून जे पाहिलं, ते सांगतो.

खजिनदार म्हणतात ते नियमाने बरोबर आहे. पण नियमाने मर्यादा नसली तरी यंत्रात नोटा असायला हव्यात ना? बँक बंद असली की यंत्र रिकामं होतं आणि भरायला लवकर कुणी येत नाही. त्यातून २०च्या नोटा आधी संपतात आणि मग ५०च्याच उरतात. तिथल्या माणसाला ६०चा हक्क असून ५०वर भागवावं लागतं ते म्हणूनच. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यानेही प्रवाशांना सांगितलंय की अडीअडचणीला आणि अचानक मुक्काम लांबला तर पुरतील इतके युरो रोख जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट कार्डाची. छोट्या तावेर्नावाल्याकडे, म्हणजे तिथल्या खाणावळवाल्याकडे, कार्डाचं यंत्र असेलही. पण तुम्ही कार्ड घासलंत की ते पैसे जातात त्याच्या बँकेतल्या खात्यात, आणि तिथून त्याला दिवसाला ६०च काढता येतात. मासळीवाला, भाजीवाला, वाढपी यांना तो काय देणार? म्हणून तो रोख मागेल. त्यात लबाडी धरू नका. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

आता हिशोब. बंदरं चार. अथेन्सची सहल जहाजाकडूनच घेतली तर तिचे पैसे खात्यावरून जातील. पण जेवण, पाणी, टॅक्सी, तिकिटं धरून चार माणसांना बंदरामागे ८०-१०० युरो लागतात. म्हणजे चारशे झाले. याशिवाय जहाज चुकलं तर एक रात्रीचं हॉटेल आणि पुढच्या बंदरापर्यंतची फेरीबोट, त्यासाठी पाच-सहाशे वेगळे. एकूण हजार धरा. दहा हजारांच्या आत आहात, तेव्हा कस्टमला कळवायचा प्रश्न येत नाही. उरले तर व्हेनिसमध्ये खर्च होतीलच.

मात्र हे हजार कसल्या नोटांत आहेत ते जास्त महत्त्वाचं. पोस्टातून किंवा बँकेतून युरो घ्याल तेव्हा अडून बसा आणि ५, १० आणि २०च्या नोटा मागा. नाही म्हणाले तर दोन ठिकाणी जा. पैशांची टंचाई असते तिथे सुट्यांची टंचाई दुप्पट असते, कारण जो तो सुटे घट्ट धरून बसतो. पन्नासची नोट पुढे केलीत की एक तर मोड मिळणार नाही, नाहीतर पाकिटात काय आहे ते चार लोकांना दिसेल. २००-५००च्या नोटा तर नकोतच. ‘जहाजावर मोड मिळेल’ या भरवशावरही राहू नका. पर्सरचा गल्ला ठरावीक असतो, आणि बंदर यायच्या सकाळी शेकडो माणसं त्याच खिडकीपुढे सुट्यांसाठी उभी राहतात. जहाजावरच्या एटीएमचं शुल्कही बरंच असतं.

पैसे तीन ठिकाणी ठेवा. बराचसा भाग केबिनच्या तिजोरीत. त्या दिवसाचा खर्च दोघांत वाटून, पुढच्या खिशात किंवा कपड्याआडच्या पट्ट्यात. आणि जहाज चुकलं तर लागणारी रक्कम बंद पाकिटात घालून तुमच्या एकाच्याच अंगावर. ती तिजोरीत ठेवून उतरलात तर उपयोग काय? जहाज पैशांसकट पुढे निघून गेलेलं असतं. त्याच पाकिटात पासपोर्टांच्या छायाप्रती आणि जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा नंबर ठेवा. तो नंबर जहाजावर रोज जे माहितीपत्रक मिळतं त्यात असतो.

— नाना

---

प्रेषक: खजिनदार
दिनांक: मंगळवार, ३० जून २०१५
विषय: उत्तर – रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय

नाना, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी हजार युरो मला जास्तच वाटतात. पाकीट मारलं गेलं तर कार्ड बंद करता येतं, नोटा परत येत नाहीत. प्रवास विम्यात रोख रकमेच्या चोरीला भरपाईची मर्यादा असते आणि ती बहुतेकदा हजारापेक्षा बरीच कमी असते. ताई, पॉलिसी उघडून तो आकडा पाहा, कंपनीला फोन करून विचारा, आणि त्याहून जास्त रोकड एका माणसाच्या अंगावर ठेवू नका.

आणखी एक. कार्डाच्या यंत्राने ‘युरोत की पाउंडात’ असं विचारलं तर नेहमी युरोत म्हणा. पाउंड निवडलेत की दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

— खजिनदार

---

प्रेषक: माई
दिनांक: बुधवार, १ जुलै २०१५
विषय: उत्तर – रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय

ताई, पैशांचं ही मंडळी सांगताहेत. मी औषधांचं सांगते, माझा जन्म औषधांच्या दुकानातच गेला. सासूबाईंच्या गोळ्या आठ दिवसांच्या ऐवजी तीन आठवड्यांच्या घ्या, निम्म्या त्यांच्या पिशवीत आणि निम्म्या तुमच्या. बाहेरच्या पुरवठादारांचे पैसे अडकले की औषधांची आवक डगमगते, आणि त्यांची नेमकी गोळी त्या दिवशी मिळेलच असं नाही. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव असू दे. युरोपीय आरोग्य कार्ड विसरू नका.

आणि त्यांना म्हणावं, पाटल्या घरीच ठेवा. मंगळसूत्र पदराआड चालेल.

— माई

---

प्रेषक: नाना
दिनांक: गुरुवार, २ जुलै २०१५
विषय: उत्तर – रविवारी ग्रीसच्या क्रूझवर निघतोय

खजिनदारांचा विम्याचा मुद्दा मला मान्य. एकाच्या अंगावर सगळं नको.

सुरक्षिततेचं राहिलं होतं. देशावर आर्थिक संकट आलं म्हणून तिथली माणसं चोर होत नाहीत. ग्रीक माणूस परक्या पाहुण्याशी फार सभ्यपणे वागतो, याच काळात तर विशेष, कारण यंदाचा हंगाम गेला तर त्याचं वर्ष जातं. खिसेकापू पूर्वी जिथे होते तिथेच आजही आहेत: पिरेअसहून अथेन्समधल्या मोनास्तिराकीला जाणारी मेट्रोची एक नंबरची लाइन, ओमोनिया स्टेशन, दारापाशी होणारी गर्दी. बँका बंद असेपर्यंत अथेन्समध्ये मेट्रो आणि बस फुकट केल्या आहेत, म्हणजे गर्दी वाढणार. डब्यात दारापासून आत सरका, पिशवी पोटाशी धरा, मुलाला मध्ये घ्या.

एटीएमच्या रांगेत उभं राहायची वेळच येऊ देऊ नका. धोका आहेच, कारण पैसे घेऊन वळलेला माणूस सगळ्यांना दिसतो. पण मला दुसरंही वाटतं. त्या रांगेत ६० युरोंसाठी तासभर उभ्या असलेल्या पेन्शनरपुढे आपण परदेशी कार्डावर तीनशे काढायचे, हे बरं दिसत नाही.

सिंटाग्मा चौकात, संसदेसमोर, संध्याकाळी सभा आणि मोर्चे असतात. बहुतेक शांतपणे पार पडतात, पण तुम्ही त्या वेळी तिथे असायचं कारण नाही. ॲक्रोपोलिस सकाळी करा, दुपारी बंदरावर परत.

आणि घड्याळ! इटलीपेक्षा ग्रीस एक तासाने पुढे आहे. मोबाइल आपोआप ग्रीक वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेवर चालतं, आणि ती बदललीय की नाही हे रोजच्या पत्रकात छापतात. उतरताना मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींनी कड्याखाली नेतात, तिथून वर फिरा नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. परतताना सगळ्या जहाजांचे प्रवासी एकाच वेळी उतरू लागतात आणि केबल कारची रांग गल्लीत शिरते. शेवटच्या बोटीच्या दीड तास आधी रांगेत लागा. त्या केबल कारला सुटे हाताशी ठेवा.

ताई, जा. सासूबाईंना घेऊन जरूर जा.

— नाना

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
दिनांक: मंगळवार, १४ जुलै २०१५
विषय: परत आलो, सुखरूप

नाना, खजिनदारदादा, माई, परवा रात्री घरी पोचलो.

पोस्टात तीन खेपा घालून ९०० युरो जमवले. त्यात ५च्या तब्बल ८० नोटा. पोस्टातल्या बाईंनी त्या दोनदा मोजल्या.

कॉर्फूला पहिल्याच दिवशी नानांचं म्हणणं पटलं. जुन्या शहरात एका लहानशा तावेर्नात जेवलो, बिल ४५ झालं. कार्डाचं यंत्र समोर टेबलावर होतं, पण मालकीणबाई हळूच म्हणाल्या की रोख जमेल का. मी पाच-पाचच्या नऊ नोटा ठेवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन मुलासाठी कलिंगडाच्या फोडी आणल्या. शेजारच्या टेबलावर ५०ची नोट दिलेल्या जोडप्याला वीस मिनिटं मोड मिळेना. मालकीणबाई तीन दुकानं फिरून आल्या.

सँटोरिनीच्या मोठ्या दुकानांत कार्डं सर्रास चालली, हे खजिनदारदादांसाठी मुद्दाम लिहिते. हॉटेलांत, मोठ्या रेस्टॉरंटांत कुठेच अडचण नव्हती. तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात.

अथेन्सला आम्ही आयत्या वेळी जहाजाची सहल सोडून मेट्रोने गेलो. डब्यात दोन मुलगे यांच्या दोन्ही बाजूंनी इतके चिकटून उभे राहिले की यांनी सरळ मागे वळून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. पुढच्या स्टेशनला ते उतरून गेले. मागचा खिसा रिकामाच होता. मोनास्तिराकीला उतरल्यावर मात्र माझे पाय थरथरत होते. येताना टॅक्सी केली, मीटरवर, आणि सुटे पैसे दिले.

सासूबाई सावकाश, तीनदा बसत वर चढल्या. पार्थेनॉनच्या देवळासमोर कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग नातवाला ते बांधवून घेणाऱ्या पेरिक्लिसपासून सांगायला लागल्या, ते थेट तिकिटाच्या खिडकीपर्यंत.

खाली येताना बँकेच्या बंद शटरपाशी एटीएमची रांग होती. त्यात सासूबाईंच्या वयाच्या एक आजी, इस्त्रीचा पोशाख, हातात पर्स. दोघींची नजरानजर झाली आणि त्या आजींनी मान लववून नमस्कार केल्यासारखं केलं. जहाजावर परतल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आयुष्यभर वाचवलेल्या पैशांसाठी रांग लावावी लागतेय गं.” रात्री जेवल्या नाहीत.

काताकोलोला जहाज सुटायच्या पाऊण तास आधी परत पोचलो. नानांनी सांगितलेलं बंद पाकीट शेवटपर्यंत उघडावं लागलं नाही.

— ताई

---

प्रेषक: खजिनदार
दिनांक: सोमवार, २० जुलै २०१५
विषय: ऑगस्टमध्ये ग्रीसला जाणाऱ्यांसाठी

मंडळातली आणखी दोन कुटुंबं ऑगस्टमध्ये जाताहेत, म्हणून लिहितो. तीन आठवड्यांनी आज तिथल्या बँका उघडल्या. रोजच्या ६०ऐवजी आता आठवड्याला एकदम ४२० काढता येतात, म्हणजे मर्यादा तीच, फक्त रोज रांग लावायला नको. रेस्टॉरंटमधल्या खाण्यावरचा व्हॅट मुख्य भूमीवर आजपासून १३चा २३ टक्के झालाय, तेवढं बजेट वाढवा. रोख किती न्यावी याबद्दल मी माझं मत बदललंय. नानांचा हिशोब धरा.

— खजिनदार

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
दिनांक: सोमवार, २० जुलै २०१५
विषय: उत्तर – ऑगस्टमध्ये ग्रीसला जाणाऱ्यांसाठी

माझ्याकडे पाचच्या ३१ नोटा उरल्यात. बँकेत परत देणार नाही. ज्यांना हव्यात त्यांनी शनिवारी शाळा सुटताना वर्गात यावं, वीसच्या नोटा देऊन बदलून न्याव्यात. कॉर्फूला जाणार असाल तर त्या तावेर्नाची गल्ली मी कागदावर काढून देते.

— ताई