स्कूल बसमधल्या अग्निशामकाचा काटा कुणी बघतं का?

मुलांना नेणाऱ्या गाडीला पिवळा रंग दिला आणि पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलं की सुरक्षेचं काम झालं, असं एकांनी म्हटलंय. ते लांबूनच दिसतंय हो. गाडी भाड्याची असेल तर 'ऑन स्कूल ड्यूटी' ही पाटीही लागते. सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत उभं राहून बघा, किती गाड्यांवर आहे ती.

खरी गोम आत आहे. अग्निशामक सिलिंडर असतो, पण त्याचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पुन्हा कधी भरायचाय, हे कोण वाचतं? कुठं कुठं तर तो सीटखाली दोरीनं आवळलेला. आग लागल्यावर गाठी सोडत बसायचं काय? संकटकालीन दारासमोर जादा बाकडं टाकलं, की ते दारही असून नसल्यासारखंच.

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेला परिवहन समिती आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधीही असतो. फिटनेस, विमा, ड्रायव्हरचं लायसन, प्रथमोपचार पेटी हे सगळं बघणं तिचंच काम. तेव्हा आरटीओला शिव्या घालण्याआधी शाळेत जाऊन समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. बहुतेक पालकांना अशी समिती असते हेच ठाऊक नसतं.