आधी डोक्यावरचा स्लॅब पाहा
१२० चौरस फुटांच्या खोलीसाठी किती टनांचा एसी घ्यावा, या प्रश्नाला आधीच्या एका उत्तरात, एक टन पुरत असला तरी ‘थोडा मोठा असलेला बरा’ म्हणून दीड टनाचा घ्यावा, असे सुचवले आहे. मुंबईसारख्या दमट हवेत मला ते पटत नाही. गरजेपेक्षा मोठा एसी, विशेषतः इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेला, खोली झटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो, त्यामुळे हवेतले बाष्प एसीच्या आतल्या थंड कॉईलवर साचून नळीवाटे बाहेर पडायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि रिमोटवर २४ अंश दिसत असूनही चादर ओलसर लागते.

मात्र तीच खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर आणि खिडकी पश्चिमेला असेल, तर दीड टनच घ्यावा. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.

एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. ‘एक टन’ म्हणून विकली जाणारी सगळीच मॉडेल्स तेवढी भरत नाहीत (दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतात), म्हणून वीजबचतीच्या ताऱ्यांच्या लेबलावरचा, गार करण्याच्या क्षमतेचा वॉटमधील आकडा स्वतः वाचावा. आपला मजला आणि खिडकीची दिशा कळवल्यास अधिक नेमके सांगता येईल.