वास्पी भरपाईचा फॉर्म खरा आहे का? (लेस्टर, जन्म ऑक्टोबर १९५४)

मिरजकर_लेस्टर (मार्च २०२५)

नमस्कार मंडळी. वास्पी म्हणजे १९५०च्या दशकात जन्मलेल्या बायकांची इथली संघटना; सरकारी पेन्शनचं वय वाढवल्याचं वेळेवर कळवलं नाही म्हणून ती भरपाई मागते. तीन दिवसांत चौघींनी व्हॉट्सॲपवर एकच लिंक पाठवली: "१९५०च्या दशकात जन्मलेल्या बायकांना २,९५० पौंड मंजूर, बँकेचा तपशील भरा." मुलगा म्हणतो, हात लावू नकोस. मैत्रीण म्हणते, रविवारी मुदत संपते. कुणाचं ऐकू?

थोडक्यात सांगते (जमणार नाही, माफ करा). १९७६ला लग्न होऊन मिरजेहून इथे इंग्लंडात आले आणि होजियरीच्या कारखान्यात मोज्यांची बोटाकडची बाजू शिवायला लागले. सुपरवायझर म्हणाली, "लग्न झालंय ना? मग छोटा स्टॅम्प घे, हातात पगार जास्त येतो." म्हणजे पगारातून सरकारी विम्याची (नॅशनल इन्शुरन्सची) वर्गणी कमी कापायची. घेतला. त्या स्टॅम्पवर स्वतःची पेन्शन साठत नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली. मग दोन मुलं, मग शाळेत डिनर लेडी, म्हणजे मुलांना जेवण वाढणारी. कस्टर्डची पातेली घासून मनगटं गेली.

२०१३ला ह्यांना अर्धांगाचा झटका आला, मी नोकरी सोडली. हिशेब सोपा होता: २० ऑक्टोबर २०१४ला साठ पूर्ण की पेन्शन सुरू, तोवर शिलकीवर ढकलू. कालनिर्णयवर त्या दिवसाभोवती लाल गोल केला होता. उन्हाळा सरत आला तरी पेन्शनचे कागद येईनात, म्हणून फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ऑक्टोबर ट्वेंटी ट्वेंटी, लव्ह." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तेच.

१९९५च्या कायद्याने माझं पेन्शनचं वय साडेचौसष्टवर नेलं होतं, २०११च्या कायद्याने आणखी दीड वर्ष. पत्र पाठवलं असेल तर जुन्या पत्त्यावर, आम्ही २०११मध्येच घर बदललेलं. आईच्या पाटल्या मोडल्या आणि पहाटे पाचला ऑफिसं झाडायला जाऊ लागले. सहासष्टपर्यंत.

दुसरं: मिरजेला कायमचं परतावं असं मनात आहे. पेन्शन तिकडे मिळते का?

हिशेबी_पुणेकर

काकू, राग मानू नका, पण पुरुषांना ६५ आणि बायकांना ६०, हाच मुळात अन्याय नव्हता का? बायका जगतातही जास्त. १९९५चा कायदा, अंमल २०१०पासून. पंधरा वर्षं होती हातात. पेपर वाचायला हवा होता.

जांभळा_पट्टा

काकू, लिंक उडवा. योजनाच नाही, तर फॉर्म कुठला?

मार्च २०२४मध्ये ओम्बुड्समनने (सरकारी कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) अहवाल दिला: पेन्शन खात्याने बायकांना पत्रं पाठवायला २८ महिने उशीर केला, प्रत्येकीला १,००० ते २,९५० पौंड द्यावेत. फॉरवर्डमधला आकडा तिथूनच उचललाय. पण डिसेंबर २०२४मध्ये त्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी संसदेत उशिराबद्दल माफी मागितली आणि त्याच भाषणात भरपाई नाकारली. म्हणे बहुतेकींना माहीत होतं, आणि खर्च १,०५० कोटी पौंडांपर्यंत जाईल. विरोधात असताना ह्याच पक्षाचे लोक आमच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे, तो भाग वेगळा. त्यावर २०२५मध्ये वास्पी कोर्टात गेली, त्यासाठी वर्गणीही गोळा केली. अशी वर्गणी द्यायची तर त्यांच्याच वेबसाइटवरून, फॉरवर्डवरून नाही.

पुणेकर, वास्पी पेन्शनचं वय पुन्हा साठ करा म्हणत नाही, समान वयालाही विरोध नाही. ते मागणारा गट वेगळा, तो २०१९ आणि २०२०ला कोर्टात हरला. आमचं भांडण एवढंच की सांगितलं नाही. संसदेसमोर पावसात जांभळे पट्टे घालून उभ्या राहणाऱ्यांतली मी एक. माझ्या शेजारची बाई दोन कुबड्यांवर होती आणि घोषणा सगळ्यांत मोठ्याने देत होती.

काकू, एक कामाची गोष्ट. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) तुमच्या नावावर होता ना? १९७८ ते २०१० मुलं सांभाळल्याची वर्षं पेन्शनमध्ये धरायची सोय होती. मे २०००च्या आधी अर्ज करताना नॅशनल इन्शुरन्स नंबर लिहिला नसेल, तर ती वर्षं नोंदीतून गळलेली असू शकतात. छोट्या स्टॅम्पची वर्षं धरत नाहीत, पण त्यानंतरची तपासा. हे पैसे कुणाच्या मेहेरबानीचे नाहीत.

गोदाकाठची_मामी

परतण्याआधी नीट विचार करा. पेन्शन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. आमचे हे २०१०ला नाशिकला आले तेव्हा आठवड्याला ९७.६५ पौंड होते. आजही ९७.६५च. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये गेले असते तर वाढ मिळाली असती. आता फिलिपिन्सला कोण जातंय म्हातारपणी!

मिरजकर_लेस्टर

सगळ्यांचे आभार. लिंक उडवली, चौघींनाही कळवलं. मिरजेला सध्या हिवाळ्यापुरतीच जाऊन येईन म्हणते.

पुणेकर, १९९५ला मी काय वाचत होते ते सांगते. बहीण मिरजेहून जहाजाच्या टपालाने मासिकं पाठवायची, दोन-अडीच महिन्यांनी पोचायची. त्यात इंग्लंडचा पेन्शनचा कायदा नव्हता, उकडीच्या मोदकांची पारी का फाटते ते होतं.

माळ्यावरची ट्रंक काढली. चाइल्ड बेनिफिटचं एक पत्र सापडलंय, थोरल्याचं. शाई पुसट झालीय. नंबर आहे की डाग, ते उद्या उजेडात बघते.