‘द हिंदू’ खरंच एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून निघाला का?

नीलिमा_वाचते: परीक्षेसाठी रोज ‘द हिंदू’ वाचते. क्लासमध्ये सर म्हणाले, हा पेपर न्यायाधीशाच्या नेमणुकीच्या वादातून निघाला. खरं आहे का? काढणाऱ्या सहा जणांचं पुढे काय झालं?

मैलापूरकर: खरं आहे. १८७८ मध्ये टी. मुथुस्वामी अय्यर मद्रास हायकोर्टात न्यायाधीश झाले, तिथले पहिले भारतीय न्यायाधीश. इंग्रजांच्या पत्रांनी झोड उठवली आणि उत्तर द्यायला आपलं पत्रच नव्हतं. मग दोन शिक्षक आणि कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी पावणेदोन रुपये उसने घेतले आणि २० सप्टेंबरला ८० प्रती छापल्या. आधी साप्ताहिक, १८८३ पासून आठवड्यातून तीनदा, १८८९ पासून दैनिक. विद्यार्थी वकिलीला लागले. राहिले दोघे शिक्षक, जी. सुब्रमण्य अय्यर आणि वीरराघवाचारियर.

मी चेन्नईतच वाढलो. इथेही सुब्रमण्य अय्यरांचं नाव फारसं कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात पहिला ठराव त्यांनी मांडला. १८८९ मध्ये पुन्हा मुंबईत अधिवेशन भरलं, तेव्हा त्यांनी आपल्या बालविधवा मुलीचं लग्न तिथेच लावून दिलं. अग्रलेखात विधवाविवाहाची बाजू घेणारे तेव्हाही होते, स्वतःच्या घरात करून दाखवणारे किती?

कृष्णाकाठ: म्हणजे आपले आगरकरच की! त्यांनीही सुधारणेपायी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

नीलिमा_वाचते: मग अय्यरांनाही पेपर सोडावा लागला?

मैलापूरकर: हो, १८९८ मध्ये. सुधारणेवरच्या तिखट लिखाणानं वर्गणीदार दुरावत होते, भागीदारांचं पटेना. त्यांचं तमिळ पत्र ‘स्वदेशमित्रन’ १८८२ पासून होतंच, त्यालाच त्यांनी वाहून घेतलं. इंग्रजी न येणाऱ्या माणसापर्यंत राजकारण पोचवलं ते या पत्रानं, म्हणून मला ते ‘हिंदू’हून मोठं काम वाटतं. त्यातल्याच लेखांवरून १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. टिळकांना मंडालेची शिक्षा झाली तेच वर्ष.

‘हिंदू’ मात्र कर्जात रुतला होता. १९०५ मध्ये त्याचेच कायदेशीर सल्लागार कस्तुरीरंग अय्यंगार यांनी तो ७५,००० रुपयांना विकत घेतला आणि सावरला. आजही पेपर त्यांच्याच घराण्याकडे आहे. नीलिमा, उत्तरात संस्थापक म्हणून कस्तुरीरंगांचं नाव लिहू नकोस, पुष्कळ जण तेच लिहितात.