माहिती आयुक्तांची स्वायत्तता: २०१९ नंतर नक्की काय उरलं?

कोयनाकाठ
माहिती अधिकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माहिती आयुक्त (या कायद्याखालची अपिलं ऐकणारे) सरकारच्या मर्जीतले झाले, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. पुढच्या माहिती अधिकार शिबिरात यावर बोलायचं आहे. नावडता आदेश दिला म्हणून राज्य सरकार आयुक्तांना काढू शकतं का? मुदत आणि पगार कोण ठरवतं? नेमणूक नीट झाली की नाही, हे नागरिकाने कसं तपासायचं?

कलम_सतरा
आदेश आवडला नाही म्हणून काढता येत नाही. आयुक्तांना काढण्याबद्दलच्या कलम १७ ला २०१९ मध्ये हात लागलेला नाही. गैरवर्तन किंवा असमर्थतेचा आरोप असेल तर राज्यपालांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचं आणि तिथल्या चौकशीत तो सिद्ध झाला तरच पदावरून दूर करायचं. चौकशी चालू असताना निलंबन होऊ शकतं. दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, बाहेरची पगारी नोकरी अशा मोजक्या कारणांसाठी मात्र राज्यपाल थेट काढू शकतात.

बदललं ते कलम १६. आधी ५ वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते, ही मुदत कायद्यातच होती. राज्य मुख्य माहिती आयुक्तांचा पगार निवडणूक आयुक्तांइतका आणि राज्य माहिती आयुक्तांचा मुख्य सचिवांइतका होता. आता वयाची ६५ ची मर्यादा सोडली तर हे सगळं केंद्र सरकार नियमांनी ठरवतं, राज्यांच्या आयुक्तांचंसुद्धा. ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी मुदत ३ वर्षं झाली, पगार राज्यात दोघांनाही दरमहा २,२५,००० रुपये. माझ्या मते पगार गौण आहे. खरा धोका नियम २२ मध्ये आहे: कोणत्याही वर्गातल्या व्यक्तींसाठी हे नियम शिथिल करायचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. पूर्वी मुदत बदलायला संसदेत विधेयक आणावं लागायचं, आता अधिसूचना पुरते. नेमणुकीनंतर पगार आणि सेवाशर्ती त्या आयुक्ताच्या तोट्याच्या करता येत नाहीत, हे संरक्षण टिकून आहे. शिबिरात तेही सांगा.

दत्तमत
कॅगशी, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांशी, ताडून बघा. घटनेच्या कलम १४८ प्रमाणे त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसारखंच काढावं लागतं, पद सोडल्यावर केंद्राचं वा राज्याचं कोणतंही पद घेता येत नाही आणि कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारित असतो, म्हणजे मतदानाला टाकला जात नाही. राज्य माहिती आयोगाला कर्मचारी मात्र कलम १६(६) प्रमाणे राज्य सरकारच पुरवतं. लघुलेखकच नसेल तर सुनावणी होते, आदेश महिनोन्‌महिने निघत नाही. नेमणुकीच्या बाबतीत उलट आहे. कॅगसाठी निवड समितीच नाही.

रिक्तपद
काढण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पद न भरणं. आयोगाचं एखादं खंडपीठ रिकामं राहिलं की दुसऱ्या आयुक्ताकडे अतिरिक्त कार्यभार जातो आणि अपिलं साचतात. आयोगाकडचं द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढायचं याची मुदतच कायद्यात नाही, त्यामुळे सरकारला या दिरंगाईची काहीच किंमत मोजावी लागत नाही. आयुक्तांच्या रिक्त पदांबद्दलच्या अंजली भारद्वाज प्रकरणात (१५ फेब्रुवारी २०१९) सर्वोच्च न्यायालयाने पद रिकामं होण्याच्या १ ते २ महिने आधी प्रक्रिया सुरू करायला सांगितलं आहे.

कोयनाकाठ
आणि विधानसभेत विरोधी पक्षनेताच नसेल तर निवड समिती कशी बसणार?

कलम_सतरा
कलम १५(३) च्या स्पष्टीकरणात उत्तर आहे. सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता विरोधी पक्षनेता मानला जातो, त्यामुळे ही सबब चालत नाही. पण समितीतल्या तिघांपैकी दोघे म्हणजे मुख्यमंत्री आणि त्यांनीच नेमलेले मंत्री. विरोधी सदस्याचं भिन्नमत कागदावर आहे का, ते बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

नेमणूक तपासायची तर माहितीचा अर्ज करा: जोडपत्र ‘अ’ मध्ये, सामान्य प्रशासन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमाने एकच विषय आणि १५० शब्द. मागायचं ते हे: जाहिरात, शोध समितीची नावं, छाननीचे निकष, निवड समितीचं इतिवृत्त आणि भिन्नमत टिपणी. उमेदवारांचे अर्ज यात घालू नका. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अख्खा अर्ज फेटाळला जातो. ते हवेच असतील तर वेगळा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रथम अपील करा आणि भारद्वाज निकालातला निकषांबद्दलचा भाग त्यालाच जोडा. पुढचं अपील आयोगाकडेच जातं, आणि तिथली रांग मोठी आहे.